बागेत आधी पाणी शोधा

गेल्या हिवाळ्यात अंबाजोगाईची आत्या आमच्याकडे चार दिवस राहायला आली होती. छत्रपती संभाजीनगरात पाहुणा आला की त्याला बीबी का मकबरा दाखवायचा, हा इथल्या घराघरातला शिरस्ता. आम्हीही गेलो. रविवार होता, दरवाजातून आत गेल्या गेल्या फोटो काढणाऱ्यांची ही गर्दी. आत्यानं घुमटाकडे एकदा डोळे भरून बघितलं आणि मग वाटेच्या मधोमध असलेल्या लांबलचक हौदाशी येऊन ती थांबली. वाकून कारंज्याच्या तोटीकडे बघितलं, हौदाच्या काठावरून हात फिरवला आणि म्हणाली, "लेकरा, एवढे हौद, एवढे पाट बांधले. तवा ना लाइट, ना मोटार. मग ह्यात पाणी कोण चढवत होतं?"

आत्याचं सगळं आयुष्य शेतात गेलंय. मोट, मग डिझेलचं इंजिन, मग साडेसात एचपीची मोटार आणि रात्रीची लाइट, हे सगळं तिनं स्वतः निभावलंय. बाग बघतानाही तिला पहिल्यांदा पाणीच दिसलं.

मला तेव्हा धड उत्तर देता आलं नाही. नंतर मात्र त्या एका प्रश्नामागे लागून मी मकबरा, पाणचक्की, हिमायतबाग हे सगळं पुन्हा नव्यानं बघितलं. आता तर मला वाटतं, आपल्या जुन्या बागा बघायच्या असतील तर हाच प्रश्न घेऊन आत शिरावं. घुमट, मिनार, फुलं सगळं नंतर. आधी पाणी कुठून येतं, कुठं जातं ते बघा. बाकीची बाग आपोआप उलगडत जाते.

चारबाग म्हणजे नेमकं काय?

मकबऱ्याभोवतीची बाग ही चारबाग आहे. ही कल्पना इराणातली, म्हणजे उन्हानं भाजणाऱ्या कोरड्या मुलखातली. चारी बाजूंनी उंच भिंत घालायची, आत पाण्याचे दोन पाट एकमेकांना काटकोनात छेदतील असे न्यायचे, म्हणजे जागेचे चार चौकोन पडतात. कुराणात वर्णन केलेल्या स्वर्गात पाण्याच्या, दुधाच्या, मधाच्या आणि मद्याच्या नद्या आहेत. चार पाटांचा संबंध त्यांच्याशी जोडला जातो. बाबर १५२६ मध्ये आग्र्याला आला तेव्हा त्याची मोठी तक्रार हीच होती की इथं बागेत खेळवायला वाहतं पाणी नाही. मग त्यानं विहिरी खोदल्या, रहाट लावले आणि यमुनेच्या काठी आपल्या पद्धतीच्या बागा उभ्या केल्या.

त्याच घराण्यातल्या औरंगजेबाची पत्नी दिलरस बानू बेगम १६५७ मध्ये वारली. तिच्या कबरीभोवती हा मकबरा उभा राहिला. आराखडा अताउल्लाहचा. ताजमहालाचा मुख्य रचनाकार मानला जाणारा उस्ताद अहमद लाहोरी याचा हा मुलगा. त्याच्या जोडीला बांधकामाचा जाणकार म्हणून हंसपतराय याचं नाव येतं. मकबऱ्याला "गरिबांचा ताज" म्हणून हिणवायची लोकांना सवय झालीय. मला ते कधीच पटलं नाही. ताजमहालात मुख्य इमारत बागेच्या टोकाला, नदीच्या काठावर आहे. इथं ती बागेच्या बरोबर मध्यावर आहे, त्यामुळे चारही अंगांनी बागेचा आणि इमारतीचा मेळ बसतो. आवाराची लांबी ४५८ मीटर आणि रुंदी २७५ मीटर. आपल्याकडे जमीन एकरातच कळते, तर हे झाले साधारण ३१ एकर. चौथऱ्यावर इमारतीच्या पश्चिमेला जी मशीद आहे ती नंतरच्या काळातली, हैदराबादच्या निजामाच्या राजवटीतली. ती नसती तर दोन्ही अंगं तंतोतंत सारखी दिसली असती.

आता पायाखाली बघा. चालायच्या वाटा आणि हौद उंचावर आहेत, झाडांचे चौकोन त्या मानानं खाली. पहिल्यांदा बघणाऱ्याला वाटतं माती वाहून गेली असेल. तसं नाही, हे मुद्दाम केलेलं असतं. ज्यानं एकदा तरी रात्री शेतात दारं धरली असतील, म्हणजे पाटाचं पाणी वाफ्यावाफ्यात वळवलं असेल, त्याला कारण सांगावं लागत नाही. पाट वर असला आणि वाफा खाली असला की पाटाच्या कडेला जरासं फोडलं तरी पाणी आपल्या पायानं वाफ्यात उतरतं. माणसानं फक्त वेळेवर दार मोडायचं आणि वेळेवर बांधायचं. शिवाय झाडं खाली आणि माणूस वर असल्यामुळे मोगरा, संत्री, डाळिंबाची फांदी हाताच्या उंचीला येते. आपण झाडाच्या बुंध्याजवळून जात नाही, त्याच्या शेंड्याजवळून चालतो. पाय कोरडे राहतात, वास नाकाच्या पातळीवर येतो. त्या काळात बागेत जाणं म्हणजे हेच: चालणं, बसणं, वास घेणं, पाण्याचा आवाज ऐकणं, चांदण्यात पांढरी फुलं बघणं. आज आपण पाळणे आणि घसरगुंड्यांना करमणूक म्हणतो. तेव्हा ते काम पाणी करत होतं.

कारंजं मोटारीशिवाय कसं उडतं?

पाट वाहायला नुसता उतार पुरतो. कारंज्याला मात्र पाणी वर फेकावं लागतं. ते कसं?

माझे मामा गवंडी आहेत. भिंतीची पातळी बघायला त्यांच्याकडे एक साधी गोष्ट असते: दहा-पंधरा मीटर लांबीची पारदर्शक नळी, आत पाणी भरलेलं. नळीचं एक टोक या खांबाला, दुसरं टोक त्या खांबाला. मधली नळी जमिनीवर कशीही लोळू दे, खड्ड्यातून जाऊ दे, विटांवरून जाऊ दे, दोन्ही टोकांना पाणी एकाच उंचीवर थांबतं. मामा तिथं पेन्सिलनं खूण करतात आणि काम सुरू. आता त्यातलं एक टोक खाली आणलं तर? पाणी नळीतून बाहेर उसळेल, कारण दुसऱ्या टोकाची उंची गाठायची त्याची धडपड असते. कारंज्याचं सगळं रहस्य एवढंच आहे. पाण्याचा मूळ साठा उंचावर, मध्ये बंद नळ, आणि तोटी खाली. तोटीतून पाणी मूळ साठ्याच्या पातळीकडे झेपावतं. नळाच्या घर्षणात थोडा जोर जातो, म्हणून पूर्ण उंची कधीच गाठत नाही.

घरातही हे रोज दिसतं. गच्चीवरच्या टाकीचं पाणी तळमजल्यावर धो धो येतं आणि वरच्या मजल्यावर नुसतं गळतं. टाकी तोटीपेक्षा जितकी उंच तितका दाब जास्त. दहा मीटर उंचीच्या पाण्याचा दाब साधारण दर चौरस सेंटिमीटरला एक किलो भरतो. म्हणजे बागेत कारंजी हवी असतील तर बागेपेक्षा उंचावर कुठंतरी पाणी हवं. आमच्या शहराला ते उत्तरेच्या डोंगरानं दिलं.

डोंगरातून शहरात: नहर

इथं मलिक अंबरचं नाव घ्यावंच लागतं. हबसाणातून, म्हणजे इथिओपियातून गुलाम म्हणून आलेला हा माणूस अहमदनगरच्या निजामशाहीचा कर्ताधर्ता झाला. १६१० मध्ये त्यानं खडकी या गावी राजधानी वसवली. तेच आजचं छत्रपती संभाजीनगर. खडकी नावातच खडक आहे. काळ्या दगडाचा मुलूख, खाम नदी बेभरवशाची. एवढ्या वस्तीला पाणी आणायचं कुठून? अंबरनं उत्तरेच्या डोंगराकडून जमिनीखालून पाणी आणलं, त्याला नहर-ए-अंबरी म्हणतात. पुढे अशा आणखी नहरी झाल्या. बेगमपुऱ्याची थत्ते नहर आणि पाणचक्कीची नहर त्यातल्याच.

नहर म्हणजे उघडा कालवा नव्हे, हे आधी डोक्यातून काढा. आपला दगड बसाल्ट, एकावर एक थर असलेला. काही थर घट्ट काळे, त्यातून पाणी जात नाही. काही थर झिजलेले, मुरमाड, भेगाळलेले, ते पाणी धरून ठेवतात. पावसाळ्यात डोंगरावर पडलेलं पाणी या मऊ थरात मुरतं आणि हळूहळू पाझरत खाली येतं. विहिरीला झरा लागतो तो याच थरात. नहर बांधणाऱ्यांनी हा पाझर जमिनीखालीच गाठला, गोळा केला आणि बांधीव भुयारातून, मातीच्या भाजलेल्या नळांतून उतारानं शहराकडे आणला. जमिनीखाली असल्यामुळे उन्हानं पाणी उडून जात नाही, घाण पडत नाही, आणि डोंगर हळूहळू पाझरत असल्यामुळे पाऊस थांबल्यावरही कित्येक महिने पाणी येत राहतं.

वाटेत ठरावीक अंतरावर हवेसाठीची उभी भोकं, झडपा आणि दगडचुन्याचे उंच मनोरे ठेवलेले असतात. हे कशाला? ज्या शेतकऱ्यानं विहिरीपासून लांबच्या तुकड्यापर्यंत पाइपलाइन टाकलीय त्याला विचारा. जमीन चढउताराची असली की पाइपात हवा अडकते आणि पाणी पुढे सरकत नाही. म्हणून आपण चढाच्या टोकावर एअर व्हॉल्व्ह बसवतो, नाहीतर पाइपचा उभा तुकडा काढून ठेवतो. नहरीचे मनोरे तेच काम करत होते. त्यांचं दुसरं काम दाब मोडायचं. मातीचा नळ लोखंडासारखा सोशिक नसतो, दाब वाढला की फुटतो. मनोऱ्यात पाणी वर चढून मोकळ्या हवेत येतं, तिथं साठलेला दाब सुटतो आणि पुढचा प्रवास नव्यानं सुरू होतो. तिसरं काम साफसफाईचं: गाळ तळाशी बसायचा आणि माणूस उतरून तो काढायचा. आज वस्तीमध्ये एखादा जुना मनोरा दिसला तर लोकांना ते निरुपयोगी बांधकाम वाटतं, कुणी त्याला टेकून टपरी उभी करतं. तो मनोरा म्हणजे चालू यंत्राचा भाग आहे, हे कळलं की त्याला धक्का लावायला हात धजावत नाही.

पाणचक्की: बाग, गिरणी आणि कूलर

हे सगळं एका जागी डोळ्यांनी बघायचं असेल तर पाणचक्कीला जा. खाम नदीच्या काठावर, बाबा शाह मुसाफिर यांच्या दर्ग्याच्या आवारात ही जागा आहे. १७व्या शतकाची अखेर आणि १८व्या शतकाचा पूर्वार्ध या काळात ती टप्प्याटप्प्यानं उभी राहिली. काही किलोमीटर लांबून, डोंगरातून नळानं आलेलं पाणी इथं आधी भिंतीच्या माथ्यावर चढतं आणि तिथून चादरीसारखं हौदात कोसळतं. नळ वाटेत कितीही खाली उतरला तरी शेवटी पाणी वर चढतंच. मामांची नळीच ती, फक्त फार मोठी.

गिरणी मात्र जवळ जाऊन बघा. आत्या तिथं चांगली वीस मिनिटं उभी होती. तिच्या लहानपणी घरात जातं होतं. जात्यात खालची तळी, म्हणजे दगडी चकती, स्थिर, वरची फिरते, आपण खुंटा धरून ती फिरवतो. पाणचक्कीतही तसंच, फक्त खुंट्याच्या जागी खालून आलेला उभा आस. आसाच्या तळाशी आडवं चाक, चाकाला लोखंडी पाती. उंचावरून पडणारं पाणी पात्यांवर आदळतं, चाक फिरतं, आस फिरतो, वरची तळी फिरते. मध्ये दातेरी चाकं नाहीत, पट्टा नाही. बिघडायला फारसं काही नाहीच. दर्ग्यात राहणारे फकीर, शिकणारी मुलं, येणारे-जाणारे यांच्यासाठी इथं धान्य दळलं जायचं. आत्या हळूच म्हणाली, "पहाटे उठून दळायचं वाचलं असतं की गं बायांचं."

मोठ्या हौदाची गंमत वेगळीच आहे. हौदाचा तळ म्हणजे खालच्या प्रशस्त दालनाचं छत, जाडजूड खांबांवर तोललेलं. वर पाणी, खाली माणसं. उन्हाळ्यात छतावर पाणी मारून झोपणाऱ्या आपल्या लोकांना यातलं शहाणपण लगेच कळेल. पाणी वाफ होताना भोवतालची उष्णता ओढून घेतं, आणि ती थोडीथोडकी नसते: एक लिटर साधं पाणी उकळीला आणायला जेवढी उष्णता लागते, त्याच्या सातपटीहून जास्त उष्णता तेवढंच पाणी वाफ होऊन उडून जाताना लागते. कोसळणारी चादर, उडणारे तुषार, पसरलेला हौद हे सगळं हवेत पाणी मिसळायची साधनं आहेत. मराठवाड्याची एप्रिल-मेची हवा कोरडीठाक असते, म्हणून हा उपाय इथं लागू पडतो. कोकणात तोच हौद बांधला तर घामच वाढेल, तिथली हवा आधीच ओली असते. आपल्या घरातला वाळ्याचा कूलर मुंबईत चालत नाही आणि इथं छान चालतो, त्याचं कारण हेच.

आवारातल्या जुन्या वडाखाली दुपारी बसा. वडाची सावली, पाण्याचा गारवा, चादरीचा आवाज. दिवसाच्या त्या वेळी शहरात याहून चांगली जागा मला माहीत नाही.

पाणी उलटं चढवण्याची किंमत

एक हिशोब मला फार बोचतो. आज शहराचं पाणी पैठणच्या जायकवाडी धरणातून येतं. धरण पूर्ण भरलं तरी त्याची पातळी समुद्रसपाटीपासून १,५२२ फूट, म्हणजे ४६४ मीटर. शहर आहे साधारण ५६८ मीटरवर. म्हणजे प्रत्येक लिटर पाणी शंभर मीटरहून जास्त, तीस मजल्यांच्या इमारतीएवढं, विजेच्या जोरावर वर ढकलावं लागतं. जुनं शहर वरून खाली येणारं पाणी पीत होतं, आपण खालून वर नेलेलं पितो. आज लोकसंख्या कितीतरी पटींनी वाढलीय, नहरीच्या पाण्यावर सगळं शहर भागणार नाही, हे मला कळतं. पण बागा, झाडं, हौद यांच्यापुरतं तरी हे फुकटचं पाणी जपायला काय हरकत आहे? अनेक वस्त्यांत नळाला काही दिवसांआड पाणी येतं आणि त्याच जमिनीखालून नहर बुजत चाललीय, हे बघून जीव तुटतो. वर डोंगर फोडला, पाझराची जमीन सिमेंटखाली गेली, मधला नळ पायासाठी खणताना तुटला, की खाली हौद कोरडा पडणारच. बागेची डागडुजी बागेच्या भिंतीआड होत नाही, ती डोंगरापासून सुरू करावी लागते.

हिमायतबाग: बाग जी अजून कामावर आहे

दिल्ली दरवाजाजवळची हिमायतबाग पर्यटकांच्या यादीत सहसा नसते. सुमारे ३०० एकरांचं हे आवार १७व्या शतकातलं, जुन्या काळी मुघल बाग म्हणून ओळखलं जाणारं. समोरच सलीम अली सरोवर. हा पूर्वीचा खिजरी तलाव, पक्षितज्ज्ञ सलीम अलींचं नाव त्याला नंतर मिळालं. आज हिमायतबागेत परभणीच्या वसंतराव नाईक मराठवाडा कृषी विद्यापीठाचं फळ संशोधन केंद्र आणि रोपवाटिका आहे. सकाळी फिरायला येणारी माणसं, चिंचेच्या झाडांखालचा गारवा, आंब्याच्या मोहराचा वास असं सगळं इथं आहेच, पण मला ही बाग आवडते ती वेगळ्या कारणानं. ती नुसती बघायची राहिली नाही, ती अजून कामाला येते.

आंब्याची कोय लावली तर झाड येतं, पण फळ आईसारखंच येईल याची खात्री नसते, कारण कोयीत दोन झाडांचा संकर असतो. हमखास तेच फळ हवं तर चांगल्या झाडाची काडी दुसऱ्या रोपावर बांधायची, म्हणजे कलम करायचं. त्यासाठी खात्रीची जुनी मातृवृक्ष हवीत, वर्षानुवर्षं जपलेली, फळाचा गुण ठाऊक असलेली. ती जपायला जागा लागते, पाणी लागतं आणि कुणीतरी पिढ्यान्‌पिढ्या तिथं हजर असावं लागतं. मराठवाड्याच्या केशर आंब्याला, जालन्याच्या मोसंबीला, बीडच्या सीताफळाला भौगोलिक मानांकन आहे. या फळांचं नाव टिकायचं तर अशी जुनी झाडं जिवंत राहायला हवीत.

बघायचा क्रम विचाराल तर मी असा सांगेन: पावसाळा संपल्यावर, दिवाळीच्या आसपास जा, तेव्हा डोंगर भरलेला असतो. सकाळी लवकर हिमायतबाग, ऊन चढायच्या आत मकबरा, दुपारी पाणचक्कीचा वड. मकबऱ्यात मधल्या वाटेवरून सरळ घुमटाकडे जाऊ नका. बाजूच्या वाटेला वळा, जाळीदार कठड्यावरून खाली वाफ्यांकडे बघा, वाट त्यांच्यापेक्षा किती उंच आहे ते नजरेनं मोजा. लेकरं बरोबर असतील तर त्यांच्या हातात पाण्यानं भरलेली दोन हात लांब पारदर्शक नळी द्या. कारंजं कसं उडतं ते त्यांचं त्यांना कळेल.

मृगाच्या तोंडावर मी हिमायतबागेतून केशरची दोन कलमं घेतली आणि एसटीनं अंबाजोगाईला आत्याकडे नेली. मी आपला विहिरीजवळ, पाटाच्या वरच्या अंगाला मोकळी जागा बघून टिकाव मारायला लागलो. आत्यानं हात धरला. "तिथं नको. पाटाच्या खालच्या अंगाला घे. पाणी आपल्या पायानं जाईल."

आम्ही खड्डे खाली घेतले.